मीटिंगमध्ये तोंड का उघडत नाही? गप्प बसण्यामागचा हिशेब

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, कुठल्याही एमआयडीसीत जा, एखाद्या भिंतीवर अशा अर्थाची पाटी सापडते: ‘काही चुकतंय असं वाटलं तर लगेच बोला.’ त्या पाटीखालून रोज तीन पाळ्या बदलतात आणि कुणी फारसं बोलत नाही. मग तीच माणसं गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेताना नेमकं सांगतात, “चार नंबरची प्रेस आठवडा झाला आवाज करायलीय, डाय जाणार बघ.” (डाय म्हणजे प्रेसमधला साचा.) अन् सकाळच्या मीटिंगमध्ये साहेबानं विचारलं, की उत्तर ठरलेलं: “सगळं ओके आहे सर.”

हे कारखान्यापुरतंच नाही. दवाखान्यातल्या सिस्टरला डोस जास्त वाटतो, पण लिहिलाय मोठ्या डॉक्टरांनी. पंचायत समितीतल्या नव्या क्लार्कला बेरीज चुकलेली दिसते, पण कागदावर सही आधीच झालेली असते. साखर कारखान्याच्या लॅबमधल्या पोराला रीडिंग पटत नाही. सगळ्यांना माहीत असतं, आणि खोलीत शांतता असते.

यावर नेहमीचा सल्ला म्हणजे ‘आत्मविश्वास वाढवा.’ तो कसा वाढवायचा, हे मात्र कुणी सांगत नाही. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात जोरात टाळ्या वाजवून तो वाढत असता, तर एव्हाना मराठवाड्यात गप्प माणूस उरला नसता.

गप्प बसणारा भित्रा असतो का?

बहुतेक वेळा तो हिशेबी असतो. बोलण्याचा तोटा आज होतो, एकट्याला होतो आणि चारचौघांत होतो. फायदा झालाच तर पुढच्या महिन्यात, सगळ्यांना मिळून, आणि बऱ्याचदा साहेबाच्या नावावर. गप्प बसल्याबद्दल मात्र कुणाला मेमो मिळाल्याचं ऐकिवात नाही. असा व्यवहार समोर असेल, तर शहाणा माणूस झाकली मूठच पसंत करणार.

ठेकेदाराकडून लागलेल्या पोराचा हिशेब आणखी कडक असतो. बजाजनगरात किंवा रांजणगावात तिघांत मिळून खोली, गावाकडं दोन-तीन एकर कोरडवाहू, घरी पैसे पाठवायचे. ‘उद्यापासून येऊ नको’ हे त्याला फोनवरच्या एका वाक्यात कळू शकतं. तो म्हणतो, “कामून बोलायचं? आपल्याला काय पडलंय?” यात मला तरी आळस किंवा बेफिकिरी दिसत नाही.

वळणाचाही भाग आहे. मोठ्यांपुढं बोलू नये, हे आपल्याकडं घरात शिकवलं जातं, शाळेत पक्कं होतं. वरून सोबत्यांची भीती असते. साहेब रागावेल त्यापेक्षा “लई शाना झालास का?” असं बरोबरीचा म्हणेल, हे जास्त टोचतं. अन् अभ्यासात हुशार असलेलेही यातून सुटत नाहीत. लातूर पॅटर्ननं या भागातली कितीतरी पोरं डॉक्टर-इंजिनिअर केली, पण परीक्षेत प्रश्न छापून मिळतो. नोकरीत प्रश्न आपणच काढायचा असतो, आणि तोही ज्याला तो नको आहे त्याच्यासमोर.

एका शब्दाची ओळख: मानसिक सुरक्षितता

या विषयात हा एकच जड शब्द लागतो. मानसिक सुरक्षितता म्हणजे ‘इथं प्रश्न विचारला, चूक कबूल केली किंवा वेगळं मत मांडलं, तर माझा अपमान होणार नाही, माझ्यावर डूख धरला जाणार नाही’ असा गटातल्या लोकांचा मिळून असलेला भरवसा.

हार्वर्डच्या अभ्यासक एमी एडमंडसन या १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीमच्या हातून चुका कमी होत असणार, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे निघाले. जिथं टीम एकदिलानं चालत होती, तिथंच चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर उलगडा झाला, की तिथली माणसं चुका लपवत नव्हती. बाकीच्या वॉर्डांत वही कोरी होती ती भीतीमुळं. पुढं १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथं असा भरवसा होता, तिथल्या टीम शिकत राहत होत्या आणि त्यांचं कामही चांगलं होतं.

आता हे आपल्याकडच्या महिन्याच्या रिपोर्टला लावून बघा. ‘शून्य तक्रारी, शून्य अपघात’ लिहिलेला कागद पाहून साहेब खूश होतो. खरं तर त्यानं जरा दचकायला हवं.

“म्हणजे सगळ्यांशी गोड बोलायचं का?” असं कुणी विचारेल. नाही. टार्गेट तेच राहतं, चुकीच्या कामाला चूक म्हणायचंच असतं. टपरीवर जे बोलतो ते मीटिंगमध्ये बोलता यावं, एवढीच मागणी आहे.

विमानात काय घडलं, ते नीट ऐका

कामाच्या जागी बोलण्यावर सगळ्यात जास्त मेहनत विमान कंपन्यांनी घेतली, कारण तिथं गप्प बसण्याची किंमत लगेच मोजावी लागते आणि कॉकपिटमधलं बोलणं रेकॉर्ड होत असल्यानं ती लपवताही येत नाही.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं. केएलएम या डच कंपनीच्या जम्बो विमानाचा कॅप्टन कंपनीतला नावाजलेला वैमानिक, इतरांना शिकवणारा माणूस. टेकऑफची परवानगी मिळालेली नसताना त्यानं विमान धावपट्टीवर पळवायला सुरुवात केली. पुढं त्याच धावपट्टीवर पॅन अॅम या अमेरिकन कंपनीचं विमान होतं. मागं बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला रेडिओवरचं बोलणं ऐकून शंका आली. त्यानं विचारलं, ते पॅन अॅमचं विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का? कॅप्टननं ठामपणे सांगितलं, झालंय. इंजिनिअर पुन्हा बोलला नाही. काही सेकंदांत दोन्ही विमानांची टक्कर झाली आणि ५८३ माणसं गेली.

त्या इंजिनिअरला दिसत होतं, कळत होतं, आणि तो बोललाही होता. फक्त त्यानं ते प्रश्नाच्या रूपात, हळूच बोलून पाहिलं. आपल्याकडं याला ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात. “सर, प्रेसचा आवाज जरा वेगळा वाटतो का हो?” हे तसलंच वाक्य. साहेब म्हणाला “नाही”, की विषय संपला.

१९७९ मध्ये नासानं यावर कार्यशाळा घेतली आणि त्यातून विमानातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना एकत्र शिकवायची पद्धत निघाली. अमेरिकेतल्या युनायटेड कंपनीनं १९८१ पासून ती सुरू केली. हाताखालच्यांना कसं बोलायचं आणि कॅप्टनला कसं ऐकायचं, दोन्ही त्यात शिकवतात. बोलण्याचा साचा अगदी साधा आहे: आधी लक्ष वेधायचं, मग आपली काळजी सांगायची, मग काय घडतंय ते, मग उपाय, आणि शेवटी होकार मागायचा. आपल्या प्रेसवर लावलं तर ते असं ऐकू येईल:

“सर, एक मिनिट. मला या लॉटची काळजी वाटायलीय. रात्रपाळीत चार नंबरला पाच पीसला क्रॅक दिसला, सकाळपासून अजून तीन. हा लॉट बाजूला ठेवून डाय उघडून बघू, अर्धा तास लागेल. चालेल का सर?”

यात कुठंही ‘तुम्ही चुकलात’ नाही. आवाज चढलेला नाही. ‘सर’ दोनदा आहे. मोठ्यांचा मान आणि स्पष्ट बोलणं एका वाक्यात राहू शकत नाही, असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे एकदा मोठ्यानं म्हणून बघावं. आणखी एक गोष्ट लक्षात येईल. उपाय सोबत असला, की तेच बोलणं तक्रारीसारखं वाटत नाही. पण उपाय माहीत नसेल म्हणून गप्पही राहू नये. क्रॅक दिसला, हे सांगायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही.

आपल्या देशातलं उदाहरण जास्त बोचरं आहे. २२ मे २०१०, दुबईहून मंगळूरला आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान. उतरताना ते योग्य उंचीवर नव्हतं. सहवैमानिकानं ‘पुन्हा वर घेऊ’ असं तीन वेळा सांगितल्याचं चौकशीत नमूद आहे. कॅप्टननं विमान उतरवलंच. डोंगरमाथ्यावरची ती धावपट्टी संपली, विमान खाली कोसळलं, १५८ माणसं गेली आणि ८ वाचली.

म्हणून सगळा भार बोलणाऱ्याच्या आत्मविश्वासावर टाकणाऱ्या भाषणांचा मला राग येतो. इथं हाताखालचा माणूस तीनदा बोलला होता.

आत्मविश्वास आधी, की बोलणं आधी?

बहुतेकांना वाटतं, आधी धीर येईल, मग आपण बोलू. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये जे मांडलं, त्यानुसार ‘हे मला जमेल’ असा भरवसा चार वाटांनी येतो. सगळ्यात पक्की वाट म्हणजे ते काम स्वतः थोडं करून पाहणं. दुसरी, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना बघणं. तिसरी, भरवशाच्या माणसानं ‘तुला जमेल’ म्हणणं. चौथी, स्वतःच्या धडधडीचा आपण काय अर्थ लावतो ती.

शेतातल्या मोटारीचं सगळ्यांना माहीत आहे. पाइपात हवा धरली, तर बटण कितीही वेळा दाबा, विहीर भरलेली असली तरी पाणी चढत नाही. आधी वरून घागरभर पाणी ओतावं लागतं, हवा निघाली की मग ती स्वतः ओढते. बोलण्याचं तसंच आहे. पहिलं थोडं बोलणं आपणच, जबरदस्तीनं, वरून ओतायचं असतं.

ते कुठं ओतायचं, याला महत्त्व आहे. पहिलाच प्रयोग प्लांट हेडसमोर, ऑडिटच्या दिवशी करू नये. पाळी बदलताना समोरच्याला तोंडी सांगणं, सुपरवायझरला एकटं गाठून सांगणं, मीटिंगमध्ये दुसऱ्याच्या मुद्द्याला “हो, मीपण हे बघितलं” एवढंच जोडणं, इथून सुरुवात होते. पहिलं वाक्य पाठ करून जावं, कारण घसा कोरडा पडतो तो पहिल्याच वाक्याला. आणि ‘आज बोलीन’ असं मोघम ठरवू नये. ‘रिजेक्शनचा विषय निघाला की मी हात वर करीन’ असं प्रसंगाला बांधून ठरवलेलं जास्त वेळा पार पडतं. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं यावर बरंच काम केलं आहे.

धडधडीचं काय? ती अनुभवी माणसालाही होते. आवाज कापला तर लोक हसतील, ही भीती मात्र आपण फार फुगवून धरतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून वर्गात पाठवलं होतं. त्यांना वाटलं, जवळपास निम्म्यांनी तो पाहिला असेल. प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्श्याच्याच लक्षात आलं होतं. मीटिंगमध्ये बाकीचे बहुधा आपली पाळी आल्यावर काय बोलायचं, याच चिंतेत असतात.

एकटं जाऊ नका

१९५० च्या दशकात सॉलोमन अॅश यांनी एक साधा प्रयोग केला. कागदावरच्या रेघांपैकी दिलेल्या रेघेएवढी कोणती, ते सांगायचं. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसणारं. पण खोलीतल्या बाकीच्यांना मुद्दाम चुकीचं बोलायला सांगितलेलं होतं. अशा वेळी खऱ्या सहभागी माणसाची सुमारे एक तृतीयांश उत्तरं गर्दीसारखीच चुकली. मग अॅश यांनी गर्दीत बरोबर बोलणारा फक्त एक जोडीदार ठेवला, आणि गर्दीमागं जाण्याचं प्रमाण जवळपास पावपट झालं.

माझ्या मते कामाच्या जागी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे. मीटिंगच्या आधी एकाला विचारायचं, “तुलापण तसंच वाटतंय ना? मी विषय काढतो, तू फक्त हो म्हण.” मीटिंगमध्ये एकटं पडण्याचा अनुभव बायकांना जास्त असतो. एकीनं मांडलेला मुद्दा हवेत जातो आणि दहा मिनिटांनी तोच कुणी दादा मांडतो, मग सगळे माना डोलावतात. तेव्हा जोडीदारणीनं लगेच म्हणावं, “हेच ताई मघाशी म्हणाल्या होत्या.” याला दोन सेकंद लागतात.

“मला इंग्रजी येत नाही”

ही अडचण खरी आहे, आणि मराठी माध्यमातून आलेल्यांना ती आतून खाते. पुण्या-मुंबईचा साहेब, पडद्यावर इंग्रजी पीपीटी, अन् आपल्या तोंडात ‘करायलंय, जायलंय’. कुणी बोलीवर हसलं, की माणूस वर्षभर बोलत नाही.

पण कामातलं बोलणं भाषेपेक्षा तपशिलावर उभं असतं. कुठं, कधी, किती, या तीन गोष्टी नेमक्या असतील तर मराठी, हिंदी, दोन्हींची खिचडी, काहीही चालतं. ‘चार नंबर प्रेस, रात्रपाळी, पाच पीस’ हे कुठल्याही राज्यातून आलेल्या साहेबाला कळतं. उलट सफाईदार इंग्रजीत “आय थिंक देअर इज सम इश्यू” म्हणणाऱ्याकडून साहेबाला काय कळलं? चिठ्ठीवर हे तीन तपशील लिहून न्यावेत आणि वाचून दाखवावेत. त्यात कमीपणा नाही.

“आमचा साहेब तसला नाही”

इथं गोड उत्तर माझ्याकडं नाही. काही ठिकाणी बोलण्याची किंमत खरोखर मोजावी लागते. उचल घेऊन बीडहून ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यानं मुकादमापुढं ‘स्पष्ट’ बोलावं, असा सल्ला देणं हा अडाणीपणा होईल. तिथं आत्मविश्वासाचा प्रश्न नाही, कर्जाचा आहे.

इतर ठिकाणी मात्र विषयाप्रमाणं वाट निवडता येते. सुधारणेची सूचना असेल, तर साहेबाचा मूड बघून, एकांतात सांगितली तरी चालतं. एखादा दिवस गप्प बसलात म्हणून काही बिघडत नाही. बेरीज, बिल, सही असला विषय असेल तर तोंडी बोलून झाल्यावर दोन ओळींचा मेल किंवा मेसेज टाकून ठेवावा: ‘सकाळी बोलल्याप्रमाणे…’ भाषा नम्र, पण तारीख पक्की.

जिवाला धोका असेल तर मूड बघत बसू नये. भोपाळ वायुकांड १९८४ चं. त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात बदल झाला आणि धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यातल्या कामगाराला लगेच उद्भवू शकणाऱ्या धोक्याची सूचना व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाला द्यायचा हक्क मिळाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांमध्येही असा हक्क आहे.

लैंगिक छळाचा विषय तर ‘धीर धरून समोरासमोर बोला’ या सदरात बसतच नाही. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान ठिकाणासाठी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची, आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. दुकानात, दवाखान्यात, शाळेत काम करणाऱ्या किती जणींना ही समिती कुठं बसते ते माहीत आहे, हा वेगळ्या लेखाचा विषय.

खुर्चीत बसलेल्यांसाठी

हा भाग सुपरवायझर, हेडमास्तर, बँक मॅनेजर, हेड नर्स या सगळ्यांना लागू आहे, आणि खरं तर लेखाचा निम्मा भार इथंच आहे.

टोयोटाच्या लाइनवर एक दोरी असे. काही खटकलं की कामगारानं ती ओढायची, टीम लीडर धावत यायचा, आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबायची. पुढं बऱ्याच ठिकाणी दोरीच्या जागी बटणं आली. आपल्याकडच्याही अनेक कंपन्यांत ती आहेत. बटण बसवायला एक दिवस पुरतो. ते दाबल्यावर येणारा माणूस “काय झालं, बघू” म्हणत येतो की “कुणी थांबवली रे लाइन?” म्हणत, यावर पुढच्या वेळी ते दाबलं जाणार की नाही ते ठरतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी यादी आणली. त्यामागचे सर्जन अतुल गावंडे यांचे वडील मराठवाड्याशेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातले. या यादीत, चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं, अशी एक पायरी आहे. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढं काही खटकलं तर बोलतो, हा त्यामागचा विचार. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ही पूर्ण यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. श्रेय एकट्या नाव सांगण्याला देता येणार नाही, पण ती पायरी फुकट आहे आणि कुठल्याही मीटिंगमध्ये उचलता येते.

बाकी गोष्टी छोट्याच आहेत. स्वतःचं मत शेवटी सांगा. साहेब आधी बोलला, की बाकीचे तेच फिरवून सांगतात. “काही प्रॉब्लेम आहे का?” याला “नाही सर” हेच उत्तर येतं, म्हणून “या आठवड्यात कुठं अडकू शकतो?” असं विचारा आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, ती शांतता स्वतः भरू नका. ट्रेनी आणि ठेकेदाराच्या माणसांना आधी विचारा. कुणी चुकीचं काही बोललं, तर चारचौघांत कापू नका, नंतर समजावून सांगा.

आणि एक वही ठेवा. कुणी काय सांगितलं, त्याचं काय केलं, जमलं नसेल तर का जमलं नाही, एवढे तीन रकाने. सोमवारच्या मीटिंगची सुरुवात मागच्या आठवड्याचं पान वाचून करा, सांगणाऱ्याचं नाव घेऊन. नाव नको असेल तर नुसता विषय. दोन-तीन आठवडे पान कोरं राहील. तेव्हाही ते कोरं पान सगळ्यांसमोर उघडा आणि तुमचीच एक नोंद स्वतःच्या हातानं तिथं लिहा.